पान्यावर हक्क कोणाचा?



नळकाम करणाऱ्याच्या पिशवीत पाइप पाना नाही, असे सहसा होत नाही. या पान्याचे पेटंट अमेरिकेत १८६९ साली डॅनियल स्टिलसन या कारागिराला मिळाले. तो मॅसॅच्युसेट्स राज्यातील वॉलवर्थ कंपनीत नोकरीला होता. पेटंट त्याच्या नावावर राहिले आणि त्याचे स्वामित्वधनही त्यालाच मिळाले. श्रम ज्याचे, कल्पना ज्याची, फळही त्याचे, हा न्याय तेथे पाळला गेला.

त्याच राज्यात पंचाण्णव वर्षांनी काय घडले? गार्डनर गावच्या सिअर्स रोबकच्या दुकानात पीटर रॉबर्ट्स हा अठरा वर्षांचा तरुण विक्रेता होता. फावल्या वेळात खपून त्याने गोटी-पान्यात सुधारणा केली. बटण दाबताच गोटी एका हाताने सुटे. १९६४ साली त्याने नमुना कंपनीपुढे ठेवला. शोध नवा नाही, उत्पादनखर्च मोठा आहे, खपही बेताचाच होईल, असे कंपनीने त्याला भासविले. वास्तविक तिच्या स्वतःच्या चाचण्या व हिशेब याच्या नेमके उलट सांगत होते. १९६५ साली करार झाला : प्रत्येक पान्यामागे दोन सेंट, आणि एकूण दहा हजार डॉलरची कमाल मर्यादा. म्हणजे पाच लाख नगांनंतर संशोधकाचा हक्क संपला. विक्री मात्र थांबली नाही. १९७५ पर्यंत एक कोटी नव्वद लाखांहून अधिक पाने विकले गेले.

रॉबर्ट्सने १९६९ साली दावा लावला. १९७७ साली ज्यूरीने कंपनीला फसवणुकीबद्दल दोषी धरून दहा लाख डॉलर देवविले. १९७८ साली अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. पुढे पेटंटभंगाचा दुसरा दावा चालला. त्यातील रॉबर्ट्सच्या बाजूचा निकाल १९८३ साली अपिलात रद्द होऊन फेरसुनावणीचा आदेश निघाला. अखेर १९८९ साली तडजोड झाली. वीस वर्षे एका माणसाने कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या!

रॉबर्ट्स जिंकला म्हणून व्यवस्था न्याय्य ठरते काय? मुळीच नाही. वीस वर्षे लढण्याचे बळ कितीजणांपाशी असते? कागदावर करार दोन समानांमध्ये होतो. व्यवहारात एका बाजूला वकिलांचा ताफा असतो, तर दुसऱ्या बाजूला पगारावर जगणारा एकटा माणूस.

पश्चिम जर्मनीने १९५७ साली कायदा करून नोकरदार संशोधकाला वाजवी मोबदल्याचा हक्क दिला. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात अशी तरतूद नाही. सारे नोकरीच्या करारावर सोपविलेले आहे. म्हणून कामगार संघटनांनी वेतन व बोनस यांबरोबरच कामगाराच्या बुद्धीच्या मोलाचा प्रश्नही वाटाघाटींच्या टेबलावर आणला पाहिजे. मालकाने विकत घेतलेले असतात ते कामाचे आठ तास; कामगाराची प्रतिभा नव्हे.