हिवाळ्यातील मुंबईची हवा



जून महिन्यात नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून मुंबईत शिरतात, तेव्हा मोटारी, भट्ट्या, कारखाने यांपैकी काहीच बंद पडलेले नसते. तरीही हवा निर्मळ होते, कारण पाऊस धूलिकणांना धुऊन खाली आणतो आणि उरलेल्यांना वारा पांगवतो. हे ध्यानी घेतले म्हणजे थंडीतल्या दूषित हवेचा उलगडा होतो. शहर बारा महिने धूर ओकतच असते; ऋतुमानाप्रमाणे मुख्यत्वे बदलते ती तो धूर वाहून नेण्याची वातावरणाची शक्ती.

नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत रात्री जमीन लवकर निवते, तिच्या लगतची हवा थंड व जड होते, वर तुलनेने उष्ण थर राहतो आणि पातेल्यावर झाकण ठेवावे तसा तो थर धुरास वर जाऊ देत नाही. त्यातच मतलई वारे शहराची धूळ रात्रभर किनाऱ्याकडे रेटतात आणि ती निवारणारा दुपारचा खारा वारा उशिराने व क्षीणपणे येतो. उन्हाळ्यात हवा उंचवर घुसळली जाते, म्हणून पश्चिमेकडील वाळवंटी धूळ अधूनमधून आली तरी एवढी कोंडी होत नाही.

या धूर-धुळीच्या कणांतले अडीच मायक्रोमीटरहून लहान कण सर्वांत घातक. ते फुप्फुसाच्या तळाशी व तेथून रक्तात पोहोचतात. आपल्या सरकारने २००९ साली त्यांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरास ६० मायक्रोग्रॅम ठरविली. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस अवघी १५ ची आहे. आपल्या मर्यादेत हवा आली म्हणजे निश्चिंत व्हावे, असे मला मुळीच वाटत नाही.

पहाटेचा फेरफटका आरोग्यदायी, ही आपली पूर्वापार समजूत. परंतु रात्रभराची कोंडी पहाटे सुटलेली नसते, म्हणून दमेकरी, हृद्रोगी व वृद्ध यांनी हिवाळ्यात तो ऊन चांगले वर येईपर्यंत लांबणीवर टाकावा, घराच्या खिडक्या दुपारी उघडाव्यात, आणि पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या ‘सफर’ योजनेचे हवेच्या प्रदूषणाचे आकडे पाहून बाहेरच्या कामाची तजवीज करावी. नाकावर धरलेला रुमाल या सूक्ष्म कणांपुढे निरुपयोगी ठरतो. एन-९५ मुखपट्टी घट्ट बसवली तरच उपयोगी पडते.

आणखी एक विनंती. थंडीत रात्रपाळीचा पहारेकरी हाती लागेल तो कचरा पेटवून शेकत बसतो आणि तो धूर प्रथम त्याच्याच छातीत जातो. त्याला नुसता मनाईहुकूम ऐकवू नका, आपल्या सोसायटीच्या खर्चाने त्याला गरम कपडे आणि विजेची शेगडी द्या.