क्षयाची लस आणि मातीतील जंतू



आम्ही वैद्य नव्हे. आयुष्यभर मुलांस शिकविलेले एक मॅट्रिक शिक्षक आहोत. तथापि नांदेड-लातूरकडील आपल्या कुटुंबांतून एक समज दृढ झालेला आम्ही पाहतो, तो असा की, दंडावर बीसीजीचा वण असला म्हणजे क्षयाची भीती उरली नाही. सोयरीक जुळविताना खोकला झाकण्यासही हा वण पुढे केला जातो! म्हणून आज हा विषय घेतला आहे.

काल्मेत व गेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेली ही लस १९२१ साली पॅरिस येथे प्रथम एका अर्भकास देण्यात आली. पुढे इंग्लंडात १९५० पासून शाळा सोडणाऱ्या मुलांवर तिचा प्रयोग झाला व तिने उत्तम संरक्षण दिले. आपल्या देशात मात्र तामिळनाडूतील चिंगलपुट येथे १९६८ पासून अडीच लाखांहून अधिक लोकांवर ती पडताळून पाहिली असता, पंधरा वर्षांच्या देखरेखीअंती मोठ्या माणसांच्या फुप्फुसांच्या क्षयास तिने आळा घातल्याचे दिसले नाही. हा भेद का पडावा?

पुष्कळ शास्त्रज्ञ याचे एक कारण मातीपाण्यात शोधतात. क्षयजंतूंचे अनेक भाऊबंद जमिनीत, नदीनाल्यांत, नळाच्या आतील बुळबुळीत थरात नांदत असतात. ते बहुधा निरुपद्रवी असतात. गोदावरी-मांजरेकाठची काळी माती तुडवीत वाढलेल्या मुलाचे शरीर त्यांना ओळखू लागते. ज्या विद्यार्थ्याचा अर्धा धडा घरीच पाठ झाला, त्यास शाळेत नवे ते किती मिळणार? शिवाय ही लस जिवंत जंतूंची. शरीरात ते काही काळ वाढावे लागतात. आधीच सावध झालेले शरीर त्यांस वाढू देण्यापूर्वीच मारून टाकते, असाही एक तर्क आहे. १९६६ साली पामर व लाँग यांनी गिनीपिगांस आधी असे जंतू टोचून मग बीसीजी दिली, तेव्हा लसीने फारशी भर घातली नाही. अर्थात लसीचे निरनिराळे वाण इत्यादी अन्य कारणेही सांगितली जातात आणि तो वाद मिटलेला नाही.

तेव्हा वण असो वा नसो, दोन आठवडे खोकला हटला नाही तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषध दोन्ही विनामूल्य आहेत. लपविलेला क्षय सासरच्या तान्ह्या मुलापर्यंत पोहोचतो, हे सोयरीक जुळविणाऱ्या वडीलधाऱ्यांस वेगळे सांगावयास नको.

मग लस टोचावीच कशाला? टोचावीच. अर्भकास होणारा मेंदूच्या आवरणाचा क्षय व सर्वांगात पसरणारा क्षय ती पुष्कळ अंशी टाळते. आणि मातीपाण्याची ओळख होण्यापूर्वी, म्हणजे जन्मताच, ती देण्यात येते. येथे आपली रूढी आड येते. पहिलटकरीण माहेरी बाळंत होते, सव्वा महिन्यापर्यंत बाळास उंबऱ्याबाहेर काढीत नाहीत, आणि पुढे सासर नांदेडास व माहेर उदगिरास असल्याने टोचणीचे कार्ड कोठे राहिले हेच आठवत नाही. आजीबाईंच्या काळजीचा आम्ही उपहास करीत नाही. इस्पितळातून निघण्यापूर्वीच टोचून घेतले तर रूढीही मोडत नाही. मात्र एका कुपीत अनेक बालकांपुरती लस असते व ती कालविल्यावर चार तासांत संपवावी लागते. म्हणून काही ठिकाणी ठरावीक वारीच टोचतात. तो वार बाळंतपणापूर्वीच विचारून ठेवावा.