वकिलाची पायरी चढण्याआधी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे म्हणतात. पण सरकी उगवत नाही, दुकानदार हात वर करतो, कंपनी पावसाकडे बोट दाखवते, तेव्हा ती चढावी लागते. चढायचीच तर रिकाम्या हाताने चढू नका. वकिलाने तुमचे वावर पाहिलेले नसते. त्याला ते कागदातूनच दिसते.

राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो. शेतकरी सगळे बियाणे पेरून टाकतो, तपासणीसाठी नमुना मागे ठेवील अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, हेही सांगितले. वाट मोकळी आहे. पुरावा मात्र आपणच जपायचा आहे.

हा पुरावा वावरात असतो आणि दुबार पेरणीची पाळी घातली की मातीत जातो. म्हणून वकिलाच्याही आधी तालुक्याला कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या, पंचनाम्याचा आग्रह धरा. लॉट नंबर, उगवण किती आणि कारण काय, हे तिन्ही त्यात आले का ते वाचूनच सही करा.

पहिल्या भेटीला काय न्यायचे? पक्की पावती, बियाण्याची पिशवी आणि लेबल, सात-बारा, पीक पाहणीची नोंद, तक्रारीची पोच, पंचनामा, वावराचे फोटो. वकिलाला झेरॉक्स द्या, मूळ कागद आपल्याजवळ ठेवा. एका कागदावर तारखा लिहून न्या: बियाणे कधी घेतले, पाऊस कधी पडला, टोबणी कधी केली, तक्रार कधी दिली. त्याच वावरात त्याच दिवशी लावलेले दुसरे वाण नीट उगवले असेल, तर ते ठळक लिहा. पावसाच्या सबबीला त्याहून चांगले उत्तर नाही. त्याच लॉटने शेजारी फसला असेल, तर त्यालाही सोबत घ्या.

आपली उणी बाजू वकिलापासून लपवू नका. टोबणी कोरड्यात केली, पावती दुसऱ्याच्या नावावर आहे, उधारी बाकी आहे, जे असेल ते सांगा. आपण लपवले तरी समोरचा वकील ते काढणारच, आणि तेव्हा आपल्या वकिलाजवळ उत्तर नसेल.

मग आपण विचारायचे. दावा कोणावर, दुकानदारावर की कंपनीवरही? फी किती, बाकी खर्च किती, पावती मिळेल का? मुदत कधी संपते? ग्राहक आयोगात तक्रारीला कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. 'पुढच्या हंगामात पाहू' म्हणता म्हणता ती निघून जाते. कोऱ्या कागदावर सही करू नका.

फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. तेथे महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आणि हे सारे पेरणीच्या दिवसापासून सुरू होते. कपाशी असो की ज्वारी, पिशवी फोडली की फेकू नका. पावतीसह ती आढ्याला खोचून ठेवा. पीक घरात आले, तर खुशाल चुलीत घाला.