नदी ओलांडून आलेली नावे



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या शाळेत, आमोणे गावी, स्थलनामांविषयी चार शब्द बोलण्याची संधी मला दिलीत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. माझा सारा जन्म मराठी शब्दांच्या सहवासात गेला. त्या अनुभवातून एक गोष्ट मनाशी पक्की झाली आहे. गावाचे नाव हा आपल्याजवळचा सर्वांत जुना आणि सर्वांत दुर्लक्षित दस्तऐवज आहे. तो वाचण्याची एक रीत आहे आणि वाचला नाही तर तो नष्ट होतो. आजच्या व्याख्यानाचे सार एवढेच.

प्रारंभी थोडे दूरचे उदाहरण घेतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम या शहरी १९५५ साली डिस्नेलँड हे करमणुकीचे उद्यान सुरू झाले. आत शिरताच 'मेन स्ट्रीट' नावाचा रस्ता लागतो. तो सारा कल्पनेचा खेळ वाटतो. परंतु त्यामागे मिसूरी राज्यातील मार्सेलीन या छोट्या गावाची आठवण आहे, कारण वॉल्ट डिस्ने यांच्या बालपणाची काही वर्षे तेथे गेली होती. आणि खुद्द अ‍ॅनाहाइम? १८५७ मध्ये आलेल्या जर्मन वसाहतकारांनी तिथल्या सांता आना नदीच्या नावाला आपल्या भाषेतील 'हाइम', म्हणजे घर, हा शब्द जोडला. तात्पर्य, माणसे जागा सोडतात. नाव मात्र गाठोड्यात बांधून बरोबर नेतात.

मार्सेलीन हे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना मांडवीपलीकडचे माशेल आठवले असेल, कारण पोर्तुगीज लेखनात माशेलचे 'मार्सेला' होते. येथेच थांबावे. या दोन नावांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. ध्वनी जुळला म्हणजे नाते जुळले, असे मानणे हा या शास्त्रातील पहिला मोह आहे. आमोणे म्हणजे आम्रवन, असे कोणी सुचवले तर ते कानाला गोड लागेल. पण गोडी हा पुरावा नव्हे. जुने दानपत्र, गावकारीचे कागद आणि गावातला प्रत्यक्ष उच्चार या तिन्हींची साक्ष जुळली, तरच व्युत्पत्ती स्वीकारावी.

आता आपल्या नदीकडे वळू. दिवाडी बेटावर नार्वे आहे आणि पाण्याच्या अलीकडे, आपल्या डिचोली तालुक्यातही नार्वे आहे. हा योगायोग नव्हे. कदंब राजांचे आराध्यदैवत श्रीसप्तकोटेश्वर मूळ दिवाडीचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने तिसवाडीतील देवळे पाडली, तेव्हा देव नदी ओलांडून अलीकडे आला. १६६८ साली, म्हणजे शके १५९० मध्ये, शिवछत्रपतींनी येथील मंदिराचा जीर्णोद्धार आरंभला. २०२३ साली नव्या जीर्णोद्धारानंतर ते पुन्हा भाविकांसाठी खुले झाले. देवाची पालखी गेली, तसे नावही गेले.

सासष्टीतील वेर्णे येथे म्हाळसा देवीचे मूळ स्थान. त्या जागेला आजही जुने म्हार्दोळ म्हणतात. देवी फोंडा महालात प्रियोळला आली आणि तेथील वस्तीचेही म्हार्दोळ झाले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, तेथे मात्र वेगळे घडले. कुठ्ठाळी हे नाव मागेच राहिले आणि देवाच्याच नावावरून वाडा मंगेशी झाला. पुढे दीनानाथांनी त्या वाड्यावरून मंगेशकर हे आडनाव घेतले आणि एका वाड्याचे नाव साऱ्या भारताच्या ओठी गेले. चोडणचा देवकीकृष्ण मये येथे काही काळ राहून माशेलला स्थिरावला. पण चोडणचे नाव त्याच्यामागून गेले नाही. म्हणून प्रत्येक नावाचा प्रवास स्वतंत्रपणे तपासावा लागतो. एका किल्लीने सगळी कुलुपे उघडत नाहीत.

नाव दडते ते काही वेळा लिपीमुळे. पोर्तुगीज भाषेत 'एच' या अक्षराला उच्चार नाही. त्यामुळे हळदोण्याचे 'आल्दोना', हरमलचे 'आरांबोल' आणि हडफड्याचे 'आर्पोरा' झाले. हडफड्यातल्या 'ड'चा जसा 'र' झाला, तसाच पेडण्यातल्या 'ड'चाही झाला. त्याच नावाच्या शेवटी जे 'एम' अक्षर दिसते, ते आपल्या जुन्या अनुस्वाराचे चिन्ह होय. पूर्वी आपण पेडणें, मांद्रें असेच लिहीत होतो. परका लेखनिक आपल्या कानाने व आपल्या लिपीत ऐकलेले टिपून गेला, त्यात त्याचा दोष फारसा नाही. दोष आपला, की घरच्या उच्चाराचा आधार हाताशी असताना आपण पाटीवरचे अक्षर वाचून आपल्याच गावाचे नाव बदलतो. आज हरमलचा मुलगा पाहुण्याला आपले गाव 'आरंबोल' म्हणून सांगतो, तेव्हा त्याच्या तोंडून केवळ 'ह' गळत नाही.

नावाचे सामर्थ्य किती, याचे एक उदाहरण सांगे तालुक्यात आहे. कुर्डी हे गाव साळावली धरणाच्या जलाशयाखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की घरांची जोती वर येतात आणि विखुरलेले ग्रामस्थ तेथे जमतात. १९०४ साली या गावात जन्मलेल्या मोगूबाई कुर्डीकरांनी ते नाव मैफलींतून देशभर नेले. गाव बुडाले, आडनाव तरले. त्यांच्या कन्या किशोरीताई. त्यांच्या सासरच्या आडनावाने आमोणे हा शब्द रसिकांच्या स्मरणात कायमचा कोरला गेला. मायलेकींच्या आडनावांत गोव्याची दोन गावे नांदतात.

परंतु गावाच्या नावाला आडनावाचा आसरा मिळतो. शेताला कोण देणार? खाजन, मोरड, भाट, कुळागर यांतल्या प्रत्येक तुकड्याला आपल्या पूर्वजांनी नाव दिले होते. जमिनीच्या मोजणीनंतर व्यवहार सर्व्हे क्रमांकावर चालू लागला. डोंगर खणला गेला की उताराचे नाव उच्चारण्याचे कारणच उरत नाही. शेताचे भूखंड पडले की नव्या वसाहतीला बांधणारा एखादे शोभिवंत नाव देतो. ते नाव कोठूनही आलेले नसते, ते कोणाचीही आठवण सांगत नाही. डिस्नेच्या रस्त्यामागे निदान मार्सेलीन होते!

विद्यार्थी मित्रहो, उपाय मात्र तुमच्या घरातच आहे. जमिनीचा जो 'एक-चौदा'चा उतारा आपल्या कपाटात असतो, त्यात शेताच्या नावासाठी एक रकाना आहे. ते नाव रोमन लिपीत असेल, तर त्यात 'ल' की 'ळ', 'न' की 'ण', 'त' की 'ट' हे कळणार नाही. ते आजीलाच विचारावे लागेल. तिचा उच्चार देवनागरीत लिहून घ्या. शेजारी जागेची खूण आणि सांगणाऱ्याचे वय नोंदवा. अर्थ लावण्याची घाई करू नका. ते काम पुढचा अभ्यासक करील. माजी विद्यार्थ्यांना विनंती, की शाळेच्या ग्रंथालयात अशी एक वही ठेवावी आणि पहिली नोंद आपल्या वाड्याची करावी.

आजीचा उच्चार आजच टिपता येतो, उद्याचा भरवसा नाही. ही वही याच वर्षी सुरू व्हावी, एवढी इच्छा व्यक्त करतो.