परदेशातील शिक्षक आणि त्याचा राजीनामा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात कल्याण मुक्कामी केलेले भाषण)



मंडळाने मला आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, हा मी माझा बहुमान समजतो. मी विद्वान नव्हे. मॅट्रिक झालो, अध्यापनाची पदविका घेतली आणि उभे आयुष्य प्राथमिक शाळेत पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात घालविले. परदेशातील नोकरी या विषयावर मजसारख्याने बोलावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु या विषयात माझ्या हातून एक चूक घडली आहे, आणि तिची किंमत माझ्या पुतण्याला मोजावी लागली आहे. तशी चूक आपणांपैकी कोणाच्या घरी घडू नये, एवढ्याच हेतूने मी येथे उभा आहे.

ज्या कल्याणात आपण आज जमलो आहोत, त्याच कल्याणात १८६५ साली आनंदीबाई जोशी यांचा जन्म झाला. १८८३ साली त्या वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन परतल्या. त्या काळी व्हिसाचा आजच्यासारखा जाच नव्हता. जाच होता तो आपल्याच समाजाचा. समुद्र ओलांडणाऱ्यास वाळीत टाकण्याची भाषा तेव्हा बोलली जाई. आज चित्र नेमके उलट झाले आहे. परदेशी निघालेल्या मुलामुलींना आपण हार घालतो, स्मरणिकेत त्यांची छायाचित्रे छापतो. वाट अडते ती कागदांपाशी. आणि त्या कागदांविषयी आपण घरात अवाक्षरही बोलत नाही.

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील आपली तरुण मंडळी बी.एड. होऊन मस्कत, दुबई, दोहा येथील शाळांत जातात. आखाती देशांत आपल्या सी.बी.एस.ई. अभ्यासक्रमाच्या पुष्कळ शाळा आहेत. गणित, विज्ञान आणि इंग्रजी शिकविणाऱ्यांना तेथे मागणी असते व वेतनही येथल्यापेक्षा बरे मिळते. तेव्हा जाण्यात गैर काही नाही. प्रश्न जाण्याचा नाही. तेथे गेल्यावर एक शाळा सोडून दुसरीत जावयाचे झाले, तर काय होते, हा प्रश्न आहे.

माझ्या स्वतःच्या नोकरीत मी एकदा शाळा बदलली. कल्याणची शाळा सोडून ठाण्याच्या शाळेत रुजू झालो. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ सालचा कायदा आहे आणि त्याखालील १९८१ ची नियमावली आहे. कायम शिक्षकाने तीन महिन्यांची नोटीस द्यावी, ती भरावी आणि जावे. मी तेच केले. माझे सेवापुस्तक माझ्यामागून आले, आणि माझ्यापुरता फरक म्हणाल तर रेल्वेचा पास बदलला, एवढाच. राजीनामा हा शिक्षकाचा हक्क आहे, अशी माझी त्या दिवसापासून समजूत झाली.

माझा पुतण्या पदार्थविज्ञानाचा शिक्षक. २०१५ साली तो मस्कतला गेला. पुढे पत्नी व मुलगाही तेथे गेले. २०१८ च्या आरंभी त्याला त्याच शहरातील दुसऱ्या शाळेने बोलाविले. पगार अधिक, घरही जवळ. त्याने मला दूरध्वनी केला, "काका, काय करू?" मी मोठ्या अधिकाराने सांगितले, "राजीनामा दे, नोटिशीचे दिवस इमानाने भर आणि मोकळा हो." त्याने माझा शब्द मानला. शाळेने राजीनामा स्वीकारला. परंतु ना हरकत दाखला मात्र नाकारला.

या दाखल्याचे महत्त्व मला तेव्हा ठाऊक नव्हते. आखाती देशांत परकीय माणसाला राहण्याची व काम करण्याची परवानगी मिळते ती एका विशिष्ट मालकाच्या नावावर. या पद्धतीस तेथे कफाला म्हणतात, आणि हमी घेणाऱ्या मालकास कफील. आपली पदवी, आपला अनुभव, आपली निष्ठा या सर्वांचा उपयोग नेमणूक मिळेपर्यंतच. देशात राहण्याचा आधार मात्र त्या मालकाची सही हाच असतो. ती सही गेली की शिक्षकाची परवानगी जाते, आणि त्याच्या आधाराने राहणाऱ्या पत्नीची व मुलांचीही जाते. ओमानमध्ये १ जुलै २०१४ पासून असा नियम अमलात आला होता की, जुन्या मालकाच्या ना हरकत दाखल्यावाचून जो देश सोडील, त्याला दोन वर्षेपर्यंत नव्या नोकरीसाठी तेथे परतता येणार नाही. नव्या शाळेची इच्छा असूनही तिचा इलाज चालला नाही.

जून महिन्यात तिघेही डोंबिवलीस परतले. तिसरीतला मुलगा शाळा सुरू झाल्यावर प्रवेशासाठी दारोदार हिंडला. नव्या घराच्या कर्जाचे हप्ते चालूच होते. माझा पुतण्या सकाळ-संध्याकाळ शिकवणीच्या वर्गांत तासिकेवर शिकवू लागला. परंतु याहून कठीण गोष्ट मी पाहिली ती जिन्यात आणि लग्नसमारंभात. "काय, परत आलात? काही भानगड झाली का?" असे विचारणारे परके नव्हते, आपलेच होते. ज्याने कोणताही नियम मोडला नव्हता, तो मान खाली घालून चालू लागला. दोन वर्षे संपतात न संपतात तोच २०२० ची महासाथ आली आणि विमाने थांबली. ओमानने तो दाखल्याचा नियम १ जानेवारी २०२१ पासून रद्द केला, आणि त्याच वर्षी पुतण्या पुन्हा तिकडे रुजू झाला. सुमारे तीन वर्षे मात्र गेली ती गेलीच. त्याने मला कधी बोल लावला नाही. तो लावीत नाही, म्हणूनच मी तो स्वतःस लावून घेतो.

आता परिस्थिती बरीच सुधारली आहे, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. कतारने २०२० साली मालकाच्या दाखल्याची अट काढली. सौदी अरेबियाने मार्च २०२१ पासून नोकरी बदलण्याचे नियम सैल केले. संयुक्त अरब अमिरातींचा नवा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार परिवीक्षेचा काळ सहा महिन्यांहून अधिक असू शकत नाही. त्या काळात तेथेच दुसरीकडे जावयाचे असेल तर एक महिन्याची लेखी सूचना द्यावी लागते, आणि देश सोडावयाचा असेल तर चौदा दिवसांची. सूचना न देता निघून जाणाऱ्यास एक वर्ष कामाचा परवाना मिळत नाही.

परंतु मूळ गाठ सुटलेली नाही. परवानगी आजही नोकरीशीच बांधलेली आहे, आणि ही गोष्ट केवळ आखाताची नव्हे. इंग्लंडमध्ये कुशल कामगाराच्या व्हिसावर गेलेल्या शिक्षकास शाळा बदलताना नव्या शाळेचे पुरस्कार-प्रमाणपत्र घेऊन नवा अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर झाल्यावरच नवे काम सुरू करता येते. नोकरी गेली तर जुनी शाळा सरकारास कळविते, व त्यानंतर सामान्यतः साठ दिवसांची मुदत मिळते. अमेरिकेतही एच-१बी व्हिसावरील माणसाची नोकरी संपली की २०१७ च्या नियमाने अधिकांत अधिक साठ दिवसच राहता येते. घर आवरावयाचे, मुलांचे दाखले काढावयाचे आणि नवी शाळाही शोधावयाची, ते सारे याच दिवसांत!

आपल्या सरकारचे यात काही लक्ष आहे की नाही, असे आपण विचाराल. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी संरक्षक अधिकारी नेमले आहेत. ठराविक देशांत कामाला जाणाऱ्या अल्पशिक्षितांच्या कागदांची ते तपासणी करतात. मॅट्रिक झालेल्यास या तपासणीतून सूट आहे. म्हणजे माझ्यासारखा मॅट्रिकसुद्धा सरकारच्या लेखी शहाणा ठरतो, मग बी.एड. झालेल्याची गोष्ट कशाला? हा विश्वास सुखावह आहे खरा. परंतु त्यामुळे शिक्षकाचे करारपत्र निघण्यापूर्वी कोणीच वाचत नाही. पुष्कळदा तो स्वतःही वाचीत नाही.

म्हणून अनुभवाने शिकलेल्या काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. नवी परवानगी हाती आल्यावाचून जुनी सोडू नये. आपल्याकडे आधी राजीनामा आणि मग नवी शाळा हा क्रम चालून जातो. तेथे आधी नव्या शाळेचे लेखी नेमणूकपत्र, मग त्या देशाच्या कामगार खात्याचा नियम पाहणे, आणि शेवटी राजीनामा.

दुसरी गोष्ट. उन्हाळ्याच्या सुटीत घरी यावयाचे आणि परत जावयाचेच नाही, हा मार्ग सोपा दिसतो. पण त्याने मालकास शिक्षक फरारी झाल्याची नोंद करण्याची संधी मिळते, आणि पुढची दारे बंद होतात.

तिसरी गोष्ट. पासपोर्ट कोणाच्याही तिजोरीत ठेवू नये. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे तो भारत सरकारची मालमत्ता आहे. कोणी अडवून ठेविल्यास आपल्या वकिलातीकडे जावे. २०१५ सालापासून 'मदद' या नावाची तक्रार नोंदविण्याची सोयही परराष्ट्र मंत्रालयाने केली आहे, आणि २००९ साली स्थापलेल्या भारतीय समाज कल्याण निधीतून अडचणीतील माणसास वकिलात साहाय्य करू शकते.

चौथी गोष्ट विशेषतः भगिनींसाठी. मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, बी.एड.च्या पदवीवर सासरचे, आणि पासपोर्टावर नावांचा क्रमच निराळा, असे आपल्याकडे घरोघरी आहे. पदव्या साक्षांकित करताना राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातींसारख्या देशांबाबत त्यांची वकिलात अशा पायऱ्या चढाव्या लागतात. शाळा बदलताना हीच प्रमाणपत्रे पुन्हा पाहिली जातात. नावातील हा फरक राजपत्रात प्रसिद्धी देऊन घरी असतानाच मिटवावा.

शेवटी मंडळास माझी नम्र विनंती आहे. आपण गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार करतो, ते उत्तमच आहे. त्याच्या जोडीने परदेशी शाळांत काम केलेल्या आपल्या सभासदांची एक यादी करावी, आणि जो कोणी करारावर सही करणार असेल त्याने महिन्यातून एका रविवारी मंडळाच्या कार्यालयात यावे व जाणत्यांनी ते कागद त्याच्यासमवेत वाचावेत. शिक्षण निधीतून परतलेल्या कुटुंबाच्या मुलाची पहिल्या सहामाहीची फी बिनव्याजी उसनी देता आली, तर फारच चांगले. याला मोठा खर्च नाही. मी निवृत्त आहे. पहिल्या रविवारची किल्ली माझ्याकडे द्यावी.

आणि ज्याला खर्चच नाही अशी एक गोष्ट आपण सर्वांनीच करावी. कोणी मध्येच परतला, तर "का आलास?" असे विचारू नये. "बरे झाले आलास, चहा घे," असे म्हणावे. एके काळी समुद्र ओलांडून गेलेल्यास समाजाने दूर लोटले. समुद्र ओलांडून परतलेल्यास तरी आपण दूर लोटू नये.