अनाथोथचें शेत
(ज्युबिलीच्या पूर्वतयारीच्या प्रवचनांपैकीं एक)



ज्युबिली हा शब्द आज आपणां सर्वांच्या तोंडीं आहे. तो मूळचा इब्री लोकांचा. लेवीयाच्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत तिचा विधि सांगितला आहे. दर पन्नासाव्या वर्षीं मेंढ्याचें शिंग फुंकावें, विकलेली जमीन मूळ घराण्याला परत मिळावी, दास मोकळे व्हावेत. कारण जमीन परमेश्वराची, आणि आपण तिच्यावरचे पाहुणे. मध्यंतरीं एखाद्या गरिबाला शेत विकणें भाग पडलें, तर त्याच्या जवळच्या आप्तानें तें सोडवून घ्यावें, असाहि नियम तेथेंच आहे. या नियमाप्रमाणें झालेल्या एका खरेदीची हकीकत मी आज आपल्यापुढें ठेवणार आहें.

खरेदी करणारा होता यिर्मया संदेष्टा. यरुशलेमेपासून सुमारें दीड कोसावरील अनाथोथ गांवच्या याजककुळांत तो जन्मला. ख्रिस्तपूर्व ६२७ च्या सुमारास त्याला देवाचें पाचारण झालें. त्याच्या आरंभींच्या उपदेशांतच पाण्याचा एक दृष्टांत आहे. यहूदाच्या डोंगराळ मुलखांत पाऊस हिवाळ्यांतच पडतो. म्हणून लोक चुनखडीच्या खडकांत टांकीं खोदीत, त्यांना आंतून गिलावा करीत आणि पाणी सांठवीत. गिलाव्याला तडा गेला कीं पाणी मुकाट्यानें झिरपून जाई, आणि ऐन उन्हाळ्यांत घागर गाळांत आपटे. लोकांनीं जिवंत झरा जो परमेश्वर त्याला सोडलें आणि आपल्यासाठीं फुटकीं टांकीं खोदलीं, असा यिर्मयाचा त्यांच्यावर दुहेरी आरोप होता. ज्या विहिरीला झरा आहे तिची, आणि जो हौद केवळ पावसानें भरतो त्याची वैशाखांत काय स्थिति होते, हें आपल्या घरच्या बायकांना मीं सांगावयास नको.

हीं टांकीं कोणतीं? पहिलें राजकारणाचें. कधीं अश्शूरकडे, कधीं मिसरकडे धांव घ्यावी, आणि त्यांच्या घोड्यांवर व रथांवर निश्चिंत राहावें. दुसरें टांकें, ऐकून आश्चर्य वाटेल, खुद्द मंदिराचें. यहोयाकीम राजाच्या कारकीर्दीच्या आरंभीं यिर्मया मंदिराच्या दारांत उभा राहिला. परमेश्वराचें मंदिर आमच्यांत आहे, मग शत्रूची काय भीति, असें घोकून लोक आपली समजूत घालीत होते. विधवेला, पोरक्याला आणि परक्याला नाडावें, आणि मग येथें येऊन सुरक्षित म्हणवावें, हें चालावयाचें नाहीं, असें त्यानें त्यांना बजावलें. त्या भाषणापायीं त्याच्या जिवावर बेतलें.

तिसरें टांकें गोड भविष्याचें. ख्रिस्तपूर्व ५९७ सालीं बाबेलच्या नबुखद्नेस्सरानें नगर घेतलें आणि राजाला व मंदिरांतील पात्रांना नेलें. पुढें हनन्या नांवाच्या संदेष्ट्यानें भर मंदिरांत जाहीर केलें कीं दोन वर्षांत सर्व कांहीं परत येईल. यिर्मयानें खूण म्हणून मानेवर घेतलेलें लांकडी जूं त्यानें मोडून टाकलें. लोकांना तें किती गोड लागलें असेल! खोटें सांत्वन ओळखण्याच्या दोन खुणा येथें सांपडतात: त्याची मुदत नेहमीं जवळची असते, आणि तें आपल्याकडून कांहींच मागत नाहीं.

ख्रिस्तपूर्व ५८८ च्या सुमारास नगराला शेवटचा वेढा पडला. भीतीनें श्रीमंतांनीं आपले इब्री दास मोकळे केले. इतक्यांत मिसरचें सैन्य निघाल्याची वार्ता आली आणि बाबेलचें सैन्य तात्पुरतें हटलें. तेव्हां त्यांनीं काय केलें? सोडलेल्या दासांना पुन्हां धरून आणलें! संकट टळल्यासारखें वाटतांच देवाला दिलेला शब्द विसरला गेला. मग मिसरी परतले, आणि वेढा पुन्हां आवळला.

यिर्मया तेव्हां पहारेकऱ्यांच्या चौकांत कैदी होता. नगरांत भाकर होती तोंवर, भटाऱ्यांच्या आळींतून त्याला रोज एक भाकर मिळे. दोन नव्हे, एक. याच दिवसांत सरदारांनीं त्याला दोरांनीं एका टांक्यांत सोडलें. त्यांत पाणी नव्हतें, नुसता चिखल होता. तेथून त्याला ओढून काढलें तें एबद-मलेख नांवाच्या एका कूशी परदेशीयानें. आणि काढतांना दोर रुतूं नयेत म्हणून त्यानें यिर्मयाच्या काखेंत घालावयास जुन्या चिंध्या दिल्या. देवाची तरतूद ही अशी आली: एक भाकर, एक परका माणूस आणि मूठभर चिंध्या.

कैदेंत असतांच त्याचा चुलतभाऊ हनमेल आला आणि म्हणाला कीं अनाथोथचें माझें शेत तूं घे, सोडवणुकीचा हक्क तुझा आहे. मुलूख शत्रूच्या हातांत, नगर उपाशी, आणि हा शेत घेणार! यिर्मयानें १७ शेकेल रुपें तराजूंत तोलून दिलें. शेकेल म्हणजे जवळजवळ आपला तोळाच. साक्षीदार बोलाविले, खत लिहिलें, एक प्रत मोहरबंद आणि एक उघडी केली; आणि तीं खतें पुष्कळ दिवस टिकावींत म्हणून मातीच्या मडक्यांत ठेवावयास बारूखाजवळ दिलीं. या देशांत पुन्हां घरें व शेतें विकत घेतलीं जातील, या देवाच्या वचनाची ती खूण होती. व्यवहार संपल्यावर मात्र त्याचें मन गोंधळलें, आणि तो गोंधळ त्यानें प्रार्थनेंत देवापुढें मांडला. पैसे आधीं दिले, प्रश्न मागून विचारला. भरंवसा म्हणतात तो हा.

नगर पडलें, मंदिर जळालें. यिर्मयाला पुढें त्याच्या देशबांधवांनीं मिसरांत नेलें. त्यानें त्या शेतांत कधीं नांगर धरल्याचें शास्त्रांत आढळत नाहीं. परंतु ख्रिस्तपूर्व ५३८ च्या सुमारास कोरेश राजानें इस्राएली लोकांना परत जाण्याची मोकळीक दिली. एज्राच्या पुस्तकांत परतलेल्यांची यादी आहे. त्या यादींत अनाथोथचीं माणसें १२८ आहेत.

बंधुभगिनींनो, या ज्युबिलीच्या वर्षीं आपण आपल्या देवळाची पुष्कळ वाखाणणी करूं, आणि ती योग्यच आहे. पूर्वजांनीं तें घाम गाळून बांधलें. पण देवळाचें नांव तीनदां घेतल्यानें कोणी तरत नाहीं. बांधाच्या हातभर जमिनीसाठीं कोर्टांत गेलेले भाऊ, सणाच्या दिवशींहि जिच्या दारांत कोणी जात नाहीं ती विधवा, आपल्याकडे राबणारा परगांवचा मजूर, यांच्याकडे पाठ करून आपण वेदीपुढें आलों, तर आपणहि फुटकें टांकेंच भरीत आहों. प्रभूनें आपल्याला रोजच्या भाकरीची प्रार्थना शिकविली, वर्षभराच्या कोठाराची नव्हे. तेव्हां लवकर सुटका सांगणाऱ्या गोड शब्दांमागें लागूं नका. रोज मिळणारी भाकर ओळखा. आणि ज्याचें पीक कदाचित् आपण पाहणार नाहीं, पण आपलीं नातवंडें पाहतील, अशा एखाद्या शेतासाठीं आपले १७ शेकेल या वर्षीं तोलून द्या.

सर्वसमर्थ परमेश्वर आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.