चर्चासत्राला जायचं तर गावाची शीव सोबत न्यायची

(संघटनेच्या युवक शिबिरात शेवटच्या दिवशी झालेलं भाषण. ज्या पाड्यांवरून कोणी येऊ शकलं नाही, तिथे रात्रीच्या बैठकीत हे मोठ्याने वाचून दाखवावं.)



शहरातल्या एका लॉ कॉलेजातून संघटनेला पत्र आलं आहे. तिथे दोन दिवसांचं चर्चासत्र आहे. विषय आहे आदिवासींची जमीन आणि आंतरराष्ट्रीय कायदा. आपल्याला दोन जागा दिल्या आहेत, भाडं ते देणार आहेत. जायचं की नाही, आणि गेलं तर कोणी, हे कार्यकारिणीने परस्पर ठरवू नये, असं आम्हा पोरांचं म्हणणं पडलं. म्हणून विषय इथे मांडतो.

आधी कडू गोष्ट बोलून टाकू. मागे अशाच एका चर्चासत्राला आपले सहा जण गेले होते. तारपा घेऊन या, असा निरोप होता. दोन दिवस आपल्याच जमिनीवर भाषणं झाली, पण सगळी इंग्रजीत. आपल्या माणसांना दुपारच्या जेवणाआधी अंगणात नाचवलं. फोटो काढले, टाळ्या वाजवल्या. तारप्याची आम्हाला लाज नाही. पण तारपा आम्ही पीक घरात आल्यावर वाजवतो, कोणाच्या जेवणाला चव यावी म्हणून नाही. परत आल्यावर एका आजीने विचारलं, “प्लॉटचं काय बोललात?” कोणाकडेच उत्तर नव्हतं.

म्हणून आता बरेच जण म्हणतात, जाऊच नका. आम्हीही तेच म्हणत होतो. पण या शिबिरात वकीलताईंनी ऑस्ट्रेलियातल्या एका माणसाची हकिकत सांगितली. तिच्यावर आम्ही दोन रात्री बोललो आणि आमचं मत बदललं. ती हकिकत तुम्हीही ऐका, मग ठरवा.

ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्या मधल्या समुद्रात मेर नावाचं लहान बेट आहे. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या बागायत करतात. कोणाचा तुकडा कुठे संपतो हे दगडावरून, झाडावरून सगळ्यांना ठाऊक. कागद नाही. आपल्यासारखंच. त्या बेटावरचा एडी माबो हा माणूस मोठा झाल्यावर टाउन्सव्हिल शहरात कामाला गेला. तिथल्या जेम्स कुक विद्यापीठात तो माळी होता. तिथे इतिहास शिकवणाऱ्या मंडळींशी त्याची ओळख झाली. एकदा बोलता बोलता तो आपल्या बेटावरच्या जमिनीबद्दल सांगू लागला. तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं, बाबा रे, कायद्याने ती जमीन तुझी नाही, सरकारची आहे. माबोचा विश्वासच बसेना. आपल्याला पहिल्यांदा फॉरेस्टवाल्याने ‘हे अतिक्रमण आहे’ म्हटलं, तेव्हा आपल्या आजोबांचंही असंच झालं असेल.

१९८१ साली त्याच विद्यापीठात जमिनीच्या हक्कावर परिषद भरली. माबो तिथे बोलायला उभा राहिला. बेटावर जमीन बापाकडून पोराकडे कशी येते, शीव कशी ओळखतात, हे त्याने सांगितलं. नाच नाही, गाणं नाही, नुसती जमिनीची माहिती. ऐकणाऱ्यांत वकील होते. यावर कोर्टात केस होऊ शकते, असं तिथे निघालं. पुढच्याच वर्षी, १९८२ साली, माबो आणि बेटावरचे आणखी चार जण कोर्टात गेले.

केस दहा वर्षं चालली. मध्येच, १९८५ साली, क्वीन्सलँड राज्याच्या सरकारने कायदा केला. त्यात म्हटलं, या बेटांवर लोकांचे जमिनीचे काही जुने हक्क असलेच तर ते कधीच संपले, आणि भरपाईही मिळणार नाही. केस तिथेच मेली असती. ती वाचली आंतरराष्ट्रीय कायद्यामुळे. १९६५ साली युनोमध्ये वंशभेदाविरुद्ध करार झाला होता. ऑस्ट्रेलियाने तो मानला आणि त्यावरून १९७५ साली आपल्या देशात कायदा केला. त्या कायद्याच्या आधारे तिथल्या सर्वात वरच्या कोर्टाने १९८८ साली राज्याचा तो कायदा मोडीत काढला.

मग ३ जून १९९२ ला मुख्य निकाल आला. सातपैकी सहा न्यायाधीशांनी मान्य केलं की गोरे आले तेव्हा ही जमीन बेवारशी नव्हती, मेरच्या लोकांचा हक्क आधीपासूनच आहे. माबोला तो ऐकायला मिळाला नाही. तो त्याच वर्षी जानेवारीत वारला.

आता खरं ते सांगतो. ऑस्ट्रेलियाचा निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही. तो दाखवला म्हणून नाकेदार आपल्या नांगराला हात लावायचा थांबणार नाही. वंशभेदाविरुद्धचा तो करार भारतानेही १९६८ सालीच मानला आहे. त्याहून जवळचा करार म्हणजे जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५७ सालचा १०७ नंबरचा. आदिवासी परंपरेने ज्या जमिनीवर राहतात तिच्यावर त्यांची मालकी मान्य करावी, मग ती एकेकट्याची असो की सगळ्या गावाची, असं त्याच्या ११ व्या कलमात आहे. भारताने त्याला १९५८ साली मान्यता दिली. म्हणजे इतकी वर्षं सरकारचा शब्द कागदावर आहे आणि आपल्याला दंडाच्या पावत्या मिळताहेत! मेरच्या हकिकतीतून आम्ही एवढं शिकलो, की बाहेरचा करार एकटा काही करत नाही. आपल्या देशातला कायदा आणि आपल्या गावातला पुरावा, या दोन्हींची जोड असेल तरच त्याला धार येते.

यासाठी शिकायच्या आणि बोलायच्या तीन वाटा आहेत, त्या पोरापोरींनी लक्षात ठेवाव्या.

एक, वकिलीचं शिक्षण. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स असतो. आमच्यातले बरेच बारावीवर थांबले. घरी काम होतं, पैसा नव्हता. पण पुढच्या पोरांना हे आश्रमशाळेतच सांगा, बारावी झाल्यावर नको. आपल्या पाड्यातून एक तरी वकील व्हावा.

दोन, अशी चर्चासत्रं आणि परिषदा.

तीन, जिनिव्हा. तिथे १९८२ पासून २००६ पर्यंत युनोचा आदिवासींच्या प्रश्नांवरचा कार्यगट उन्हाळ्यात भरत असे. युनोच्या इतर बैठकांत बोलायला संस्थेला खास मान्यता लागे, त्या कार्यगटात आदिवासींच्या संघटनेला तशी लागत नसे. गरीब संघटनांच्या माणसांना जाण्यायेण्याचं भाडं आणि राहण्याचा खर्च देण्यासाठी १९८५ साली एक निधी काढला आहे. १९९७ पासून युनोच्या मानवी हक्क कार्यालयाने आदिवासींना तिथे ठेवून शिकवायलाही सुरुवात केली आहे. त्याला इंग्रजी यावं लागतं, आणि माणूस आपल्या लोकांच्या संघटनेकडून यावा लागतो. तिथे आपलं सरकार सांगतं, भारतात सगळेच मूळचे रहिवासी, वेगळे आदिवासी असे कोणी नाहीत. हे सरकार बोलतं तेव्हा त्या खोलीत आपला माणूस बसलेला नको का?

पण पहिली पायरी जवळची आहे, ती या चर्चासत्राची. म्हणून आमचं म्हणणं असं की जायचं, पण आपल्या अटींवर.

पहिली अट, आम्ही नाचायला येणार नाही, बोलायला येऊ. अर्धा तास वेळ हवा, आणि आम्ही मराठीत बोलू. इंग्रजी करून सांगणारा माणूस त्यांनी द्यावा. हे पत्रात आधीच लिहायचं. नाही म्हणाले तर जायचं नाही.

दुसरी अट आपल्यासाठी. दोघांपैकी एक शिकलेला पोरगा किंवा पोरगी, आणि एक जाणतं माणूस, ज्याला शीव पाठ आहे. शिकलेले आम्ही कलम सांगू शकतो. पण कोणत्या उंबरापासून कोणत्या नाल्यापर्यंत आपली शीव, वाघदेव कुठे बसवला, कोणत्या साली कोणी जंगल साफ करून पहिली नागली पेरली, हे आम्हाला नाही येत. माबोचं ऐकलं गेलं ते त्याला इंग्रजी येत होतं म्हणूनच नाही. त्याला स्वतःची जमीन सांगता येत होती.

तिसरी, जे जातील त्यांनी परत आल्यावर आठ दिवसांत प्रत्येक पाड्यावर बैठक घ्यायची. काय बोललो, कोणी काय विचारलं, पुढे काय करायचं ठरलं, ते सांगायचं. त्या आजीला या वेळी उत्तर मिळालं पाहिजे.

जायचं ठरलं तर आजपासून काम आहे. प्रत्येक पाड्याने दंडाच्या जुन्या पावत्या, एकसालीचे कागद, जे काही डब्यात, पत्र्याखाली असेल ते काढावं. मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नका, फक्त नक्कल द्या. कागद नसेल तर म्हाताऱ्या माणसाला सोबत घेऊन शीव फिरा आणि वहीत लिहा. वही पुढच्या बाजाराच्या दिवशी कार्यालयात आणा. चर्चासत्र उद्या रद्द झालं तरी वही वाया जाणार नाही. तलाठ्यासमोर, तहसीलदारासमोर, कोर्टात तीच लागणार आहे.

आमचं सांगून झालं. आता तुम्ही बोला. ज्यांना वाटतं जाऊ नये, त्यांनी आधी बोलावं.

जिंदाबाद!